खाजणाची माती गोठवायला: ठाणे ते तुर्भे, पाच दिवस

पहिला दिवस: ठाणे पूर्व, मग घणसोली

खारी माती गोड्या मातीपेक्षा वेगळी कशी गोठते ते बघायचं, हा बेत. त्यासाठी माती हवी खाजणाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीची. खाडीकाठी जायचं तर आधी तिथी बघायची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. सप्तमीला सव्वापाचला भरती, म्हणजे साडेअकराच्या सुमारास ओहोटी. शिवाय सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ते फार वर चढत नाही आणि बांधाचा पायथा कोरडा मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भर दुपारी गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून माती खणावी लागेल. जानेवारी यासाठी उत्तम. पाऊस संपून तीन महिने झालेले असतात आणि खालचा खार केशाकर्षणाने वर येऊन मातीवर पांढरी साय धरलेली असते.

सुरुवात ठाणे पूर्वेच्या मिठबंदर रस्त्यावरून. इथे घ्यायचं काही नाही; नाव वाचायचं, खाडीचा वास घ्यायचा आणि ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसायचं. ऐरोलीकडून दिसणारी खाडी रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि २०२२पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे. तिवरांत शिरून माती काढणं गैर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही, कारण तिथली माती मुळांनी आणि कुजक्या पाल्याने भरलेली असते. आपल्याला हवी बांधाआतली, एकेकाळी भात पिकलेली खाजणाची माती. ज्याचं खाजण त्याला विचारून घणसोलीच्या खाडीकडच्या बाजूला ती मिळते.

एकाच खड्ड्यातून तीन थर वेगळे घ्यायचे: वरची ५ सेंटिमीटरची साय, १५ ते ३० सेंटिमीटरची मधली माती आणि ६० सेंटिमीटरच्या आसपासची निळसर-काळी गाळमाती. पहिले दोन थर अर्धा-अर्धा किलो पुरतात, ते फक्त मोजायला. खरं काम तिसऱ्या थराचं, तो १२ किलो ओला. दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा काढून बांधायचा, कारण ओल उडाली की सगळा हिशेब बिघडतो. सोबत ५ लिटरच्या कॅनमध्ये उघाडीजवळचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचं, खाडीचं पाणी.

हिशेब असा. मातीत मीठ किती, यापेक्षा मातीतल्या पाण्यात मीठ किती, हे महत्त्वाचं. १०० ग्रॅम कोरड्या मातीत १ ग्रॅम मीठ आणि ५० ग्रॅम पाणी असेल तर किलोभर पाण्यामागे २० ग्रॅम मीठ पडतं. तीच माती सुकून पाणी २० ग्रॅमवर आलं की तोच आकडा ५० होतो, म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट. समुद्राचं पाणी किलोमागे ३५ ग्रॅम क्षारांचं, ते उणे १.९ अंशांना गोठू लागतं. २० ग्रॅमवालं उणे १.१ च्या आसपास. ‘मातीत एक टक्का मीठ’ एवढंच कुणी सांगितलं तर ती माती किती अंशांना गोठेल ते सांगता येत नाही. ओल आधी विचारायची.

खाजणातली माती थंडीत गोठते कुठे? ठाण्यात अर्थातच नाही. पण आर्क्टिकच्या किनाऱ्याला अशीच समुद्रातून वर आलेली गाळमाती मैलोन्‌मैल आहे. अलास्कात उत्कियाग्विकजवळ, रशियात यमाल द्वीपकल्पावर समुद्र मागे हटला, तळाचा गाळ उघडा पडला आणि मिठासकट गोठला. तिथल्या कायम गोठलेल्या जमिनीत मध्येच खाऱ्या पाण्याचे न गोठलेले कप्पे सापडतात. वर बर्फाळ माती, खाली बर्फाळ माती आणि मध्ये शून्याखालचं वाहतं खारं पाणी. तिथे ड्रिल घालताना हे कप्पे आधी शोधावे लागतात. आपल्याकडचं जवळचं उदाहरण लडाखचं त्सो कार. साडेचार हजार मीटर उंचीवरचं हे खारं सरोवर, काठावर मिठाची साय आणि हिवाळ्यात सगळं गोठलेलं. चांगपा लोक तिथून मीठ नेत असत.

संध्याकाळी धुलाई सुरू. निम्मी माती धुऊन गोडी करायची. म्हणजे माती तीच, दाणा तोच, फरक फक्त मिठाचा. येऊरच्या डोंगराची लाल माती आणून तुलना केली तर फरक मिठाचा की मातीच्या जातीचा, हे कधीच कळणार नाही. एक भाग माती, पाच भाग नळाचं पाणी, ढवळायचं, रात्रभर ठेवायचं, वरची निवळ काढून टाकायची.

दुसरा दिवस: बर्फाचा कारखाना आणि न बसणारा गाळ

सकाळी तुर्भ्याच्या एमआयडीसीत. मासळीसाठी बर्फाची लादी जिथे होते तिथे या विषयाचा पहिला धडा फुकट मिळतो. पत्र्याच्या उभ्या डब्यांत गोडं पाणी भरून ते मिठवणीच्या, म्हणजे खूप खारट पाण्याच्या, टाकीत सोडतात. मिठवणी उणे १० अंशांच्या आसपास असते आणि तरी पातळ. सव्वाशे-दीडशे किलोची लादी व्हायला साधारण दोन दिवस लागतात. बर्फ डब्याच्या भिंतीकडून आत वाढत जातो आणि पाण्यातले क्षार, गढूळपणा, हवा सगळं मध्यभागी ढकलत नेतो. म्हणून लादी कडेला काचेसारखी आणि पोटात पांढरी. काच लादी हवी असेल तर शेवटी मधलं उरलेलं पाणी शोषून काढतात आणि ताजं भरतात. ते पाणी चाखलं तर नळाच्या पाण्याहून खारट लागतं.

बर्फाच्या स्फटिकात मिठाला जवळजवळ जागाच नाही. त्यामुळे खारट पाणी गोठताना बर्फ गोडा होतो आणि उरलेलं पाणी आणखी खारट. ते आणखी खारट झालं की गोठायला आणखी थंडी लागते. मीठ-पाण्याच्या मिश्रणात हे उणे २१.१ अंशांपर्यंत चालतं, तेव्हा पाणी २३.३ टक्के खारट झालेलं असतं. त्याखाली सगळंच घट्ट. पॉट आइस्क्रीमच्या लाकडी बादलीत बर्फात खडेमीठ घालतात तो याच रेषेवरचा खेळ. घरच्या फ्रीझरचा पारा उणे १८, म्हणजे या टोकाच्या अलीकडेच थांबतो. खाजणाची माती त्यात दगडासारखी लागली तरी तिच्यातलं पाणी पूर्ण गोठलेलं नसतं.

आता धुलाईची गोष्ट. पहिलं पाणी छान निवळलं. दुसरं जरा गढूळ. तिसऱ्या धुलाईला गाळ बसेचना. बादलीभर चहा झाला आणि कितीतरी वेळ तसाच. माती खारट असते तोवर मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळे करतात. मीठ गेलं, पण कणांना चिकटलेलं सोडियम राहिलं, की ते एकमेकांना दूर लोटतात. खारजमीन गोडी करताना शेतातही हेच होतं, म्हणून जिप्सम टाकतात. बादलीला चमचाभर जिप्सम घालून ढवळलं की तास-दोन तासांत गाळ खाली बसतो. जिप्सम पाण्यात लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, त्याने गोठणबिंदू एक दशांश अंशही हलत नाही. चालतं.

खारटपणा मोजताना २० ग्रॅम कोरडी माती, १०० मिलिलिटर बॅटरीचं पाणी, अर्धा तास अधूनमधून हलवायचं, निवळू द्यायचं आणि ईसी मीटर (पाणी वीज किती वाहून नेतं ते मोजणारा; मीठ जास्त, तर आकडा मोठा) बुडवायचा. स्वस्त मीटर १० किंवा २० मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरला संपतो. काटा तिथे अडकला तर वरच्या सायीचा अर्क मुळीच खरा मोजला जात नाही, आणखी दहापट पातळ करून घ्यावा लागतो.

रात्री कळव्यातल्या वर्कशॉपमध्ये भरणी. आइस्क्रीमवाल्याचा जुना आडवा डीप फ्रीझर, बाहेरून थर्मोस्टॅट जोडून हवा उणे ६ वर बांधलेली. नमुन्यांसाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, पण अखंड नाही. २५ मिलिमीटरची कडी कापून आठ कडी एकावर एक, बाहेरून सैल टेप, आतून सिलिकॉन ग्रीस. अखंड पाइपात माती भिंतीला गोठून बसते आणि फुगायला जागा असूनही वर सरकत नाही. हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

बाजूंनी ५० मिलिमीटर थर्माकोल, वरचं तोंड उघडं, तळाला सच्छिद्र फरशीचा तुकडा आणि त्याखाली पाण्याची थाळी. थाळीखाली १२ व्होल्टचा हीटर पॅड, ४ अंशांवर बांधलेला. म्हणजे थंडी वरून खाली उतरेल आणि पाणी खालून वर ओढलं जाईल, थेट थंड प्रदेशातल्या जमिनीसारखं. खाऱ्या नमुन्याच्या थाळीत खाडीचंच पाणी घालायचं. नळाचं घातलं तर माती तळाकडून गोडी होत जाते.

नमुने तीन प्रकारचे: खारी माती (हिचा एक जादा), धुतलेली माती आणि धुतलेल्या मातीत सोडियम सल्फेट मिसळलेला तिसरा. रंगकामाचं रसायन विकणाऱ्याकडे हे सल्फेट मिळतं. १०० ग्रॅम कोरड्या मातीला ५ ग्रॅम सल्फेट, ५० ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून. तापमानाचे प्रोब प्रत्येकी चार. घालण्याआधी सगळे प्रोब कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याला किती चुकतात ते लिहून ठेवायचं. हे प्रोब अर्धा अंश इकडे-तिकडे दाखवतात आणि इथे सगळा खेळच एका अंशाचा आहे.

तिसरा दिवस: शीतगृहाची जमीन

पुन्हा तुर्भे. इथल्या शीतगृहांत मटार, मासळी, आइस्क्रीम उणे १८-२० अंशांना राहतं आणि बाहेर मुंबईचा घाम. अशा इमारतीखालची जमीन गोठू शकते हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण इन्सुलेशन उष्णता अडवत नाही, फक्त सावकाश जाऊ देतं. वर्षानुवर्षं वर उणे २० असेल तर खालची माती थंड होत जाते. शीतगृह जेवढं रुंद, तेवढा मधला भाग बाहेरच्या उबेपासून दूर. इन्सुलेशनमध्ये ओल शिरली असेल तर आणखीच लवकर.

म्हणून फरशीचे थर खालून वर असे असतात: दाबलेला भराव, त्यावर काँक्रीट, त्यात ऊब देणाऱ्या ग्लायकॉल द्रवाच्या नळ्या किंवा विजेच्या तारा, मग बाष्परोधक पडदा, त्यावर साधारण १५० मिलिमीटर फोम आणि सगळ्यात वर आरसीसीची फरशी. पडदा फोमच्या खाली, कारण उबेची बाजू खालची. वाफ उबेकडून थंडीकडे जाते. तो चुकून नुसता वर टाकला तर वाफ फोममध्येच शिरून गोठते. नळ्यांचं काम फरशी गरम करायचं नाही, खालची माती शून्यापासून ५-१० अंश वर ठेवायचं, एवढंच.

हीटिंग बंद पडलं तर कळायला महिने जातात. एका ठिकाणी तेच झालेलं दिसलं: मध्यभागी फरशीला उंचवटा, त्यातून निघालेल्या भेगा, रॅकचे खांब दोन्हीकडे कललेले आणि एक सरकता दरवाजा अडकणारा. सहा मीटरची सरळ पट्टी फरशीवर ठेवून खालची फट मोजली की उंचवटा लपत नाही.

माती फुगते ती पाणी गोठताना ९ टक्के वाढतं म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. ते अपुरं आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९-३०मध्ये पाण्याऐवजी बेंझिन भरून माती गोठवली. बेंझिन गोठताना आक्रसतं, तरी माती फुगली! कारण फुगवटा येतो तो खालून ओढल्या जाणाऱ्या द्रवाने. गोठणाऱ्या सीमेवर बर्फाची चकती तयार होते, ती खालच्या ओल्या मातीतून पाणी ओढते, जाड होते आणि वरचं सगळं उचलते. त्याला तीन गोष्टी लागतात: थंडी, पाणी आणि बारीक गाळमाती. वाळूत ओढ नाही, शुद्ध चिकणमातीतून पाणी फार हळू सरकतं, मधला गाळ सगळ्यात वाईट. नवी मुंबईच्या भरावाखाली काय आहे? पाणी हाताच्या अंतरावर आणि खाडीचा बारीक गाळ. थंडी तेवढी आपण पुरवतो.

खारटपणाने वाचतो का? थोडं. गोठायची रेषा शून्याऐवजी उणे एकच्या आसपास जाते, एवढाच दिलासा. आणि अशी फरशी दुरुस्त करताना घाई केली, खोली एकदम उघडून तापवली, तर बर्फाच्या चकत्यांचं पाणी निचरा व्हायच्या आत मोकळं होतं आणि उंचवट्याच्या जागी खड्डा पडतो. आठवड्यांच्या हिशेबाने, हळू.

चौथा दिवस: फ्रीझरपाशी

आज हिंडणं नाही. झाकण शक्यतो उघडायचं नाही, आलेख बघायचे.

मातीतलं पाणी शून्याला गोठतंच असं नाही. उणे तीन-चारपर्यंत पातळच राहून मग एका क्षणात गोठतं. तसं झालं तर बर्फ सगळीकडे विखुरतो आणि चकत्या बनत नाहीत. उपाय सोपा: पृष्ठभाग गोठणबिंदूच्या जरा खाली गेला की चिमूटभर कुटलेला बर्फ वर टाकायचा. खाऱ्या नमुन्यावर तो उणे दोनच्या आधी टाकला तर वितळून जातो. आणि वितळला की वरचा थर गोडा करून बसतो, ते आणखी वाईट.

धुतल्या मातीचा आलेख शून्याला येऊन आडवा पडतो, तासन्‌तास हलत नाही. पाणी गोठताना बाहेर पडणारी उष्णता पाऱ्याला रोखून धरते. खाऱ्या मातीच्या आलेखाला असा ओटा नसतो. तो उणे एकच्या आसपास वाकतो आणि उतरणीसारखा खाली घसरत राहतो, कारण थोडं गोठलं की उरलेलं आणखी खारट. किलोला २० ग्रॅमवालं पाणी घ्या. उणे २ ला बर्फ आणि ३.४ टक्क्यांचं खारं पाणी सोबत असतात, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी अजून पातळ. उणे ५ ला साधारण पाव. उणे ११ ला नववा हिस्सा. फ्रीझरच्या उणे १८ लाही तेरावा-चौदावा हिस्सा शिल्लक.

आर्क्टिकच्या किनाऱ्यावर पाया घालणाऱ्याची डोकेदुखी ही इथे आहे. गोड्या मातीत खांब पुरला तर बर्फ त्याला गच्च धरतो. खाऱ्या मातीत धरणाऱ्या बर्फाच्या शेजारी वंगणासारखं खारं पाणी असतं. भार सतत पडला की खांब हळूहळू खचतो. जमीन उणे ५ वरून उणे २ वर आली तर नकाशावर ती अजूनही ‘गोठलेली’च, पण आतलं पातळ पाणी दुपटीहून वाढलेलं.

सल्फेटवाला नमुना मात्र बर्फ होण्याआधीच हलतो. सोडियम सल्फेट ३० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात ४० ग्रॅम विरघळतं, १० अंशांना ९ आणि शून्याला जेमतेम ५. आपल्या मिश्रणात १०० ग्रॅमला १० ग्रॅम आहे, म्हणजे ११-१२ अंशांखाली ते बाहेर पडू लागतं, आणि पडताना प्रत्येक रेणू दहा रेणू पाणी घेऊन स्फटिक होतो. कोरड्या सल्फेटच्या चौपट जागा त्याला लागते. वायव्य चीनमधल्या रस्त्यांचे डांबरी थर यामुळे उचलले जातात, तेही पारा शून्याच्या वर असताना. कधीकधी हे द्रावण बराच वेळ फसवतं, १२ अंश ओलांडूनही स्वच्छच राहतं आणि मग एकदम गच्च होतं.

पाचवा दिवस: काप आणि वितळ

टेप सोडून पाइपाची कडी वेगळी करायची आणि हॅक्सॉने उभा काप घ्यायचा. पातं फ्रीझरमध्ये थंड करून, नाहीतर कापावर पाणी सुटून सगळं पुसलं जातं.

धुतल्या मातीच्या कापात काचेच्या आडव्या पट्ट्या दिसतात. वर बारीक आणि दाट, खाली जाड आणि विरळ, कारण थंडीची उतरण खाली मंदावत गेली आणि प्रत्येक चकतीला पाणी ओढायला वेळ मिळाला. दोन पट्ट्यांमधली माती पिळून काढल्यासारखी कोरडी, नखाने तुकडा निघतो. खाऱ्या मातीच्या कापात केसाएवढ्या रेघा, बोट फिरवलं तर ओलं लागतं आणि सुरी कडक लोण्यात जावी तशी जाते. फुगवटाही कमी. सल्फेटवाल्याचा माथा पिठासारखा भुसभुशीत. फुंकर मारली तर उडतो.

वितळवणंही वरूनच. झाकण काढून खोलीच्या हवेला उघडं ठेवायचं. धुतल्या मातीचा वरचा भाग वितळतो, खाली अजून बर्फाचं झाकण असतं, पाण्याला वाट नाही. वर चिखलाची पेज होते. लोखंडी खिळा ठेवला तर बुडतो. खारी माती आधीच, शून्याच्या खालीच मऊ पडू लागते.

वरून खाली २-२ सेंटिमीटरचे काप करून खारटपणा मोजला की मीठ कुठे गेलं ते कळतं. हळू गोठलं तर मीठ सीमेपुढे खाली ढकललं जातं; झटकन गोठलं तर जागीच अडकतं. शिवाय खालून ओढलेलं पाणी आपलं मीठ घेऊनच वर येतं. ईशान्य चीनच्या सोंगनेन मैदानात हिवाळाभर असं पाणी वर चढतं, वसंतात वरचा थर वितळतो, खालचं बर्फाचं झाकण निचरा रोखतं, ऊन पाणी उडवतं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. आपल्या खाजणात हीच साय एप्रिल-मेचं ऊन आणतं आणि जूनचा पाऊस ती धुऊन नेतो. म्हणून पहिले पाऊस वाहून गेल्याशिवाय पनवेल १, २, ३ सारखं खार सोसणारं भातही लावत नाहीत. चीनच्या त्या भागांत पाऊस तेवढा नाही. आतल्या मंगोलियातल्या हेताओमध्ये जमीन गोठायच्या आधी, शरदातच भरपूर पाणी सोडून मीठ खाली दाबतात. बोहाय समुद्राच्या काठी तर खारं पाणीच हिवाळ्यात शेतावर गोठवतात.

खारं पाणी घालून माती गोडी कशी होते, ते खाडीच्या उरलेल्या पाण्यावर बघता येतं. दोन लिटर पाणी भांड्यात गोठवायचं, बर्फ गाळणीत ठेवायचा, वितळेल तसं पेल्या-पेल्याने वेगळं जमवायचं आणि मीटर बुडवायचा. पहिला पेला मूळ खाडीहून खारट. शेवटचे पेले जवळजवळ गोडे. शेतावर पहिलं खारट पाणी मातीत उतरतं आणि मागून येणारं गोडं पाणी ते खाली रेटतं. पहिल्या खारट पाण्याने माती गोळेदार ठेवलेली असते, त्यामुळे पाणी उतरतंही; थेट गोडं पाणी ओतलं असतं तर आपल्या बादलीतल्या चहासारखं झालं असतं.

आवरताना: खारी माती बांधावर परत, धुतलेली कुंडीत चालेल, सल्फेटवाली कुठेही झाडाला नाही. कडी, प्रोब आणि क्लिपा गोड्या पाण्याने तीनदा धुवायच्या. क्लिपा राहिल्या तर आठवड्यात गंजतात. गोठण्या-वितळण्याच्या एका फेरीवरून खाऱ्या मातीची ताकद ठरवायची नाही, ती फेरीगणिक बदलते. म्हणून तो जादा खारा नमुना न कापता पुन्हा थाळीत बसवायचा, थाळीत खाडीचं ताजं पाणी घालायचं आणि उणे दोन होईपर्यंत चिमूटभर बर्फ हातात धरून न ठेवता डब्यात ठेवायचा.